हर्रानिया चित्रजवनिका केंद्र

हर्रानिया चित्रजवनिका केंद्र : ईजिप्तमधील ग्रामीण विणकरांचे एक प्रसिद्ध कलाकेंद्र. कैरोच्या नैर्ऋत्येस, गीझाच्या पिरॅमिडांकडून साक्काऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हर्रानिया हे गाव आहे. रॅमसीझ विसा वासेफ (१९११–७४) या ईजिप्शियन वास्तुशिल्पज्ञाने १९५१ मध्ये येथे जमीन घेतली आणि पुढील वर्षापासून गावातील शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींना हातमागावर चित्रजवनिका विणण्यास शिकविले. कोणतेही पूर्वरेखाटन समोर न ठेवता थेट मागावरच चित्र रचीत जाणे, हे येथील विणकामाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. ‘रॅमसीझ विसा वासेफ कलाकेंद्र’ या नावाने ते ओळखले जाते. केंद्राच्या मातीच्या वास्तूही जाणकारांच्या कौतुकाचा विषय ठरल्या असून त्यांना १९८३ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार देण्यात आला. चित्रजवनिकेच्या इतिहासात मात्र या केंद्राचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. चित्र कोणी कल्पावयाचे आणि ते कोणी विणावयाचे, ही यूरोपात कित्येक शतके रूढ असलेली विभागणी येथे जाणीवपूर्वक मोडण्यात आली आणि ती मोडण्याचे काम शाळेची फारशी ओळख नसलेल्या खेड्यातील मुलांकडून झाले.

तंत्र : चित्रजवनिका म्हणजे विणीतूनच चित्र साकारलेले वस्त्र. तयार कापडावर सुईने भरलेले भरतकाम किंवा ठशांनी केलेली छपाई यांहून ती मूलतः भिन्न आहे. साध्या कापडात बाण्याचा धागा धोट्यातून या काठापासून त्या काठापर्यंत जातो. चित्रजवनिकेत तो तसा जात नाही. प्रत्येक रंगाचा बाणा स्वतंत्र कांडीवर गुंडाळलेला असतो व त्या रंगाचे क्षेत्र जेवढे, तेवढ्याच ताण्यांतून तो फिरवून परत आणला जातो. नंतर तो फणीने किंवा बोटांनी खाली घट्ट ठोकून बसविला जातो. त्यामुळे ताणा संपूर्णपणे झाकला जाऊन केवळ बाण्याचे रंग दिसतात. दोन रंगांची सरहद्द उभ्या रेषेत आली, तर तेथे बारीक फट राहते. ही फट कधी मागाहून शिवतात, कधी दोन्ही बाणे एकमेकांत अडकवून ती टाळतात, तर कधी चित्राचाच एक भाग म्हणून तशीच ठेवतात.

महाराष्ट्रातील वाचकांना या तंत्राचे जवळचे उदाहरण म्हणजे पैठणी. पैठणीच्या पदरातील मोर, पोपट, कमळे व वेलबुट्ट्या याच तत्त्वावर, अनेक लहान कांड्या वापरून हाताने विणल्या जातात. म्हणूनच अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. काश्मीरची कानी शालही याच कुळातील असून तिच्यातील प्रत्येक रंगाची आखणी ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत आधीच लिहिलेली असते आणि ती वाचून किंवा ऐकून विणकर काम करतात. पैठणीचा विणकर परंपरेने चालत आलेल्या आकृतिबंधांत काम करतो, तर कानी शालीचा विणकर तालमीबरहुकूम. या दोहोंच्या तुलनेत हर्रानियाच्या विणकरासमोर मोकळ्या ताण्याशिवाय काहीही नसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ईजिप्तमध्ये चित्रजवनिकेचे तंत्र अतिप्राचीन आहे. राजांच्या खोऱ्यातील चौथ्या थटमोझच्या थडग्यात १९०३ मध्ये या तंत्राने विणलेले तागाचे तुकडे सापडले. त्यांवर दुसऱ्या आमेनहोटेपची नाममुद्रा विणलेली असून ते इ. स. पू. पंधराव्या शतकातील आहेत. पुढे ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर कॉप्टिक विणकरांनी तागाच्या ताण्यावर रंगीत लोकरीच्या बाण्याने मानवाकृती, पशुपक्षी, वेली व धार्मिक प्रतीके विणून अंगरखे व पडदे सजविले. तेथील कोरड्या वाळूत ती वस्त्रे शतकानुशतके टिकून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या उत्खननांनंतर ती मोठ्या संख्येने यूरोपीय संग्रहालयांत पोहोचली. कॉप्टिक विणकामातील मोकळेपणा, ठळक बाह्यरेषा आणि प्रमाणबद्धतेची पर्वा न करणारी जिवंत आकृतिरचना यांचे साम्य हर्रानियाच्या विणकामाशी अनेकदा दाखविले जाते. तथापि हर्रानियातील मुलांसमोर कॉप्टिक नमुने ठेवलेले नव्हते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

यूरोपात चौदाव्या शतकापासून चित्रजवनिका ही राजे व सरदार यांच्या वैभवाची खूण बनली. दगडी महालांच्या भिंती तिने झाकल्या जात आणि मिरवणुकीत व स्वारीतही ती सोबत नेली जाई. प्रारंभी चित्रकाराच्या रेखाटनात भर घालण्याचे बरेच स्वातंत्र्य विणकराला असे. पार्श्वभूमीतील फुले-पाने तो पुष्कळदा स्वतःच्या कल्पनेने भरी. सोळाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. पोपच्या सिस्टाइन चॅपेलसाठी रॅफेएलने १५१५-१६ मध्ये पूर्णाकृती रेखाटने तयार केली व ती ब्रूसेल्समध्ये पीटर व्हान आल्स्टच्या कर्मशाळेत विणली गेली. तेव्हापासून चित्राची हुबेहूब नक्कल करणे, हे विणकराचे कर्तव्य समजले जाऊ लागले. फ्रान्समध्ये कॉलबेअरने १६६२ मध्ये गॉब्लँ येथील कर्मशाळा राजसत्तेच्या वतीने ताब्यात घेतली. शार्ल ल ब्रं या चित्रकाराच्या देखरेखीखाली तेथील सर्व काम चाले. अठराव्या शतकात ऊद्री या चित्रकाराने रंगचित्रातील सूक्ष्म छटाही लोकरीत उतरल्या पाहिजेत असा आग्रह धरला. जुन्या विणकरांनी त्याला विरोध केला, परंतु अखेर त्यांना माघार घ्यावी लागली. पुढे १८२४ मध्ये गॉब्लँच्या रंगविभागाचा प्रमुख झालेल्या शव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १४,४०० रंगछटांचे वर्गीकरण सिद्ध केले. रंगशास्त्राच्या दृष्टीने हे कार्य मोलाचे होते. मात्र विणकराच्या दृष्टीने पाहता त्याच्या हाती हजारो छटा आल्या आणि त्यांतून निवड करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे गेला.

या परिस्थितीविरुद्ध पहिला मोठा आवाज इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने उठविला. विणकाम त्याने स्वतः आत्मसात केले आणि १८८१ पासून मर्टन ॲबी येथील आपल्या कर्मशाळेत मध्ययुगीन पद्धतीचे पुनरुज्जीवन केले. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये झां ल्यूर्साने ओब्यूसाँच्या विणकामाला नवे चैतन्य दिले, रंगांची संख्या घटविली आणि वीण पुन्हा जाड व जोरकस केली. परंतु मॉरिसच्या कर्मशाळेतील मानवाकृती प्रामुख्याने बर्न-जोन्स या चित्रकाराच्या असत आणि ल्यूर्साच्या रेखाटनांत तर प्रत्येक रंगक्षेत्राला क्रमांक दिलेला असे. थोडक्यात, तंत्रात सुधारणा झाली, तरी कल्पना आणि हात यांमधील अंतर कायम राहिले. हर्रानियाचा प्रयोग या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा.

संस्थापक : रॅमसीझ विसा वासेफचा जन्म कैरोतील एका कॉप्टिक कुटुंबात झाला. त्याचा पिता विसा वासेफ हा कायदेपंडित, वफ्द पक्षाचा राष्ट्रवादी नेता व संसदेचा अध्यक्ष होता. सरकारने १९३० मध्ये संसदेच्या दरवाजांना साखळ्या घातल्या, तेव्हा त्या तोडण्याचा आदेश त्याने दिला होता. रॅमसीझने पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेत वास्तुकलेचे शिक्षण घेतले व मायदेशी परतल्यावर कैरोच्या ललित कला महाविद्यालयात तो अध्यापन करू लागला. हसन फथी हा सुप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ त्याचा समकालीन होय. न्यूबियातील खेड्यांत लाकडी आधाराविना उभारण्यात येणाऱ्या कच्च्या विटांच्या कमानी छतांनी दोघांनाही प्रभावित केले. जिप्सममध्ये रंगीत काच बसविण्याच्या जुन्या कलेतही विसा वासेफने प्रावीण्य मिळविले आणि संसदभवनातील काचकामासाठी त्यास १९६१ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कैरोतील महमूद मुख्तार या शिल्पकाराच्या संग्रहालयाची वास्तूही त्याचीच.

पॅरिसहून परतलेल्या विसा वासेफला कैरोत दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवल्या. एकीकडे जुन्या वस्तीतील कारागिरांच्या हातून सहजपणे सुंदर वस्तू घडत होत्या आणि दुसरीकडे यंत्रोत्पादित मालापुढे ते कारागीर झपाट्याने नाहीसे होत होते. नव्या शाळांमधील शिक्षण मुलांना पाठांतर शिकवीत होते, परंतु हातांना काही करावयास लावीत नव्हते. प्रत्येक मूल उपजत कलावंत असते आणि ही शक्ती लहानपणीच जोपासली नाही, तर ती कोमेजते, अशी त्याची धारणा बनली. जुन्या कैरोमध्ये एका प्राथमिक शाळेची इमारत बांधण्याचे काम १९४० च्या दशकाच्या आरंभी त्याच्याकडे आले. त्या निमित्ताने शाळा सुटल्यानंतर इच्छुक मुलांना विणकाम शिकविण्याची मुभा त्याने मिळविली. त्याकरिता तो आधी स्वतः विणकाम शिकला. मुलांनी अल्पावधीत जे विणून दाखविले, त्यावरून आपली धारणा तपासून पाहण्यासारखी आहे, असा विश्वास त्याला वाटू लागला.

या विचाराला त्याच्या श्वशुराच्या कार्यानेही बळ दिले. हबीब जॉर्जी हा कलाशिक्षक ग्रामीण मुलांना कोणतेही औपचारिक शिक्षण न देता माती हाताळावयास देत असे. त्यांतून घडलेली शिल्पे पुढे यूरोपातही प्रदर्शित झाली. जॉर्जीची कन्या सोफी ही विसा वासेफची पत्नी व हर्रानियाच्या कार्यातील त्याची प्रमुख सहकारी होती.

केंद्राची स्थापना व नियम : शहरातील शाळेत हा प्रयोग पूर्णपणे करता येणार नाही, हे विसा वासेफने ओळखले. वर्गातील वेळापत्रक, परीक्षा, चित्रांची पुस्तके व जाहिराती यांचा मुलांच्या मनावर सतत ठसा उमटत असे. म्हणून त्याने शेतीवर जगणारे आणि विणकामाची परंपरा नसलेले हर्रानिया हे गाव निवडले. परंपरा नसणे हीच त्याच्या दृष्टीने जमेची बाजू होती, कारण वडिलांकडून मुलांकडे आलेले ठरीव नमुने तेथे नव्हते. १९५२ मध्ये मुलामुलींच्या एका लहानशा गटाने कामास प्रारंभ केला. ही मुले साधारणतः आठ-दहा वर्षांच्या पुढची असून घरची व शेतातील कामे सांभाळून ती मागावर येत.

केंद्राच्या कार्याची उभारणी तीन नियमांवर झाली : (१) कोणतेही पूर्वरेखाटन करावयाचे नाही, चित्र थेट मागावरच घडावयास हवे. (२) बाहेरच्या कलाकृतींचे नमुने मुलांपुढे ठेवावयाचे नाहीत. (३) प्रौढांनी मुलांच्या कामावर टीका करावयाची नाही किंवा त्यात हस्तक्षेप करावयाचा नाही. यांपैकी पहिला नियम तंत्राशी, दुसरा अनुकरणाशी आणि तिसरा भयाशी संबंधित आहे. कागदावर काढलेले चित्र लोकरीत उतरविताना मन नकलेत गुंतते. उलट, पूर्वरेखाटन नसले की, विणकराला प्रत्येक ओळीगणिक पुढचा निर्णय घ्यावा लागतो आणि मागचा निर्णय उसवल्याविना बदलता येत नाही. हा अडसरच कल्पनाशक्तीला शिस्त लावतो, असे विसा वासेफचे मत होते. विणकामाची निवड त्याने याच कारणासाठी केली होती. चित्रकलेत हात चटकन धावतो, विणकामात मात्र त्याला सावकाश चालावे लागते व या सावकाशीत मुलाला विचार करण्यास उसंत मिळते.

हस्तक्षेप नसणे याचा अर्थ दुर्लक्ष करणे असा नव्हता. ताणा लावणे, कांडी भरणे, बाणा सैल सोडून ठोकणे इ. मूलभूत बाबी मुलांना शिकविल्या जात. विसा वासेफ व सोफी त्यांच्याशी गप्पा मारीत, त्यांना शेतात, नदीकाठी वा वाळवंटात फिरावयास नेत आणि पाहिलेल्या गोष्टींविषयी बोलते करीत. मात्र मागापाशी परतल्यावर काय विणावयाचे, हे मूलच ठरवी. विणून झालेल्या कामाचा मोबदला त्यास मिळे. त्यामुळे घरच्यांचा विरोध कमी झाला आणि विणकाम म्हणजे वेळ घालविण्याचा छंद नसून मान्यताप्राप्त काम आहे, ही जाणीवही रुजली. विशेषतः मुलींच्या बाबतीत याचा परिणाम दूरगामी ठरला. विवाहानंतरही त्यांपैकी अनेकजणी मागावर येत राहिल्या व त्यांच्या हातातील मिळकत कुटुंबाचा आधार बनली.

माग, लोकर व रंग : केंद्रातील माग उभे व अगदी साधे आहेत. ताणा सुताचा व बाणा लोकरीचा असतो. मोठी चित्रजवनिका विणताना तयार झालेला भाग तुळईवर गुंडाळला जातो. त्यामुळे विणकराच्या दृष्टीसमोर एका वेळी चित्राचा केवळ एक पट्टा असतो. संपूर्ण चित्र मनात ठेवूनच त्याला पुढे जावे लागते व ते त्याला प्रथम पाहावयास मिळते ते ताणा कापून वस्त्र उलगडल्यावरच. एका मोठ्या कामास कित्येक महिने लागतात.

रंगांसाठी वनस्पतींचा उपयोग केला जातो. तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या वर्गातील मूळ, निळ्यासाठी नीळ व पिवळ्यासाठी रेसेडा ही वनस्पती या प्रमुख होत. रंगांच्या वनस्पती केंद्राच्या आवारातही लावल्या जातात. या तीन मूळ रंगांच्या मिश्रणातून व एकावर एक दिलेल्या पुटांतून हिरव्या, जांभळ्या, नारिंगी व तपकिरी छटा सिद्ध होतात. शव्हरलच्या हजारो छटांपुढे ही संख्या अल्प आहे. परंतु एकाच रंगाच्या लोकरीतही जे सूक्ष्म फेरफार नैसर्गिकपणे राहतात, त्यांचा उपयोग हर्रानियाचे विणकर पाण्याची चमक, पानांची सळसळ किंवा जमिनीचा पोत दाखविण्यासाठी मोठ्या कौशल्याने करतात.

विषय व शैली : येथील चित्रजवनिकांचे विषय प्रामुख्याने भोवतालच्या जीवनातून आले आहेत. खजुरीची बने, कालव्याकाठची शेते, गाढवे व म्हशी, कबुतरांचे मनोरे, लग्नाची वरात, बाजार, नाईल नदीतील शिडांच्या होड्या, तळ्यातील मासे व बगळे ही दृश्ये त्यांत वारंवार दिसतात. कधी वाळवंटातील प्राणी, तर कधी ऐकलेल्या गोष्टींतील प्रसंगही आढळतात. यथादर्शनाचे बंधन त्यांत पाळलेले नसते. पक्षी माणसाएवढा असतो, झाडे एकापुढे एक येण्याऐवजी एकावर एक रचलेली असतात आणि पाण्याच्या पृष्ठभागाबरोबरच पाण्यातील मासेही दिसतात. ताण्याबाण्याच्या स्वाभाविक पायऱ्यांमुळे तिरप्या व वक्र रेषांना विशिष्ट दातेरी वळण लाभते आणि विणकर ते लपविण्याऐवजी पाने, पिसे व लाटा यांसाठी वापरतात.

प्रारंभीच्या लहान तुकड्यांत एखादे झाड किंवा एखादा पक्षी एवढाच विषय असे. मुले वाढली, तशी चित्रेही वाढली. प्रौढ वयात त्याच विणकरांनी कित्येक चौ. मी. क्षेत्राच्या, अनेक आकृतींनी गजबजलेल्या, तरीही तोल न ढळलेल्या रचना विणल्या. अली सेलीम, गारिया महमूद, करीमा अली यांसारख्या विणकरांच्या कामांत प्रत्येकाची स्वतंत्र शैली ओळखू येते. एकाच गावात, एकाच लोकरीवर, एकाच मार्गदर्शकाच्या सहवासात घडलेले विणकर एकमेकांसारखे विणीत नाहीत, ही बाब विसा वासेफच्या धारणेचा सर्वांत सबळ पुरावा मानली जाते. गॉब्लँच्या कर्मशाळेतील बहुतेक विणकरांची नावे रसिकांना ठाऊक नसतात. हर्रानियात मात्र चित्रजवनिका विणकराच्याच नावाने ओळखली जाते.

वास्तू व लोकांसाठी खुले केंद्र : केंद्राच्या इमारती कच्च्या विटांच्या असून त्यांना कमानी छते व घुमट आहेत. विणकामाच्या खोल्या, कुंभारकामाची जागा, निवासस्थाने व संग्रहालय यांची बांधणी गरजेनुसार टप्प्याटप्प्याने होत गेली. जाड भिंतींमुळे आत गारवा राहतो व छताजवळच्या झरोक्यांतून येणारा प्रकाश मागावर मंदपणे पसरतो. हबीब जॉर्जीच्या विद्यार्थ्यांच्या शिल्पांचे संग्रहालयही या आवारात आहे. विसा वासेफला गावातील गवंड्यांचे हात आणि विणकर मुलांचे हात यांत भेद वाटत नसे. दोन्ही ठिकाणी साधे साहित्य, संथ गती व करणाऱ्याचा निर्णय हीच सूत्रे होती.

केंद्र लोकांसाठी खुले ठेवण्यात आले. अभ्यागतांना तेथील संग्रह पाहता येतो, तसेच विणकरांचे काम चालू असतानाही पाहता येते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून यूरोपात येथील कामांची प्रदर्शने होऊ लागली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॅपिस्ट्रीज फ्रॉम ईजिप्त या सचित्र ग्रंथामुळे आणि १९७२ मधील विसा वासेफच्या वूव्हन बाय हँड या पुस्तकामुळे हर्रानियाचे नाव कलाशिक्षणाच्या क्षेत्रातही सर्वत्र पोहोचले.

दुसरी पिढी : विसा वासेफचे १९७४ मध्ये निधन झाले. प्रयोगाचे यश एका व्यक्तीच्या प्रभावाचे की पद्धतीचे, हा प्रश्न त्यानंतर साहजिकच उभा राहिला. त्याचे उत्तर दुसऱ्या पिढीने दिले. १९७० च्या दशकात मुलांचा एक नवा गट केंद्रात दाखल झाला होता. सोफी आणि तिच्या कन्या सूझान व योआना यांनी त्याचे संगोपन केले. योआनाच्या देखरेखीखाली तलम सुताच्या चित्रजवनिकांची शाखा विकसित झाली. लोकरीपेक्षा सूत बारीक असल्याने त्यात फुलापानांचे नाजूक तपशील विणता येतात. या पिढीतील विणकरांची कामे पहिल्या पिढीच्या तोडीची ठरली. केंद्राच्या पन्नास वर्षांहून अधिक काळाच्या वाटचालीचा आढावा घेणारे एक प्रदर्शन २००६ मध्ये लंडन येथे भरविण्यात आले.

आक्षेप व अडचणी : या प्रयोगावर काही आक्षेपही घेण्यात आले आहेत. बाह्य प्रभाव टाळण्याचा नियम हाच एक प्रकारचा प्रभाव नव्हे काय, असा प्रश्न विचारला जातो. सुशिक्षित शहरी मार्गदर्शकाला जे निर्व्याज व ग्रामीण वाटते, तेच टिकविण्याकडे अशा नियमाचा कल असू शकतो. विकत घेणाऱ्यांत परदेशी रसिकांचा भरणा असल्यामुळे खेड्याचे चित्र सतत रमणीयच का, अशीही शंका घेतली गेली. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु नियमाने विणकराचा विषय बांधला जात नव्हता, केवळ नक्कल रोखली जात होती, हे त्यांना उत्तर देता येते. प्रौढपणी या विणकरांनी शहरे, समुद्रकिनारे व प्रवासात पाहिलेली स्थळे यांनाही आपल्या चित्रांत स्थान दिले, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे.

दुसरी अडचण अनुकरणाची आहे. हर्रानियाची कीर्ती वाढताच आसपास व केर्दासा गावी पर्यटकांसाठी चित्रजवनिका विणणाऱ्या अनेक कर्मशाळा निघाल्या. तेथे ठरलेले नमुने पुन्हा पुन्हा विणले जातात व ते स्वस्त असतात. ज्या विभागणीविरुद्ध हा प्रयोग सुरू झाला, तीच त्याच्या यशामुळे शेजारी पुन्हा अवतरली, हा इतिहासातील एक विपर्यास म्हणावा लागेल. २०११ च्या राजकीय उलथापालथीनंतर ईजिप्तमधील पर्यटन रोडावले आणि हस्तव्यवसायांना त्याची झळ बसली. कैरो महानगराच्या विस्ताराने हर्रानियाभोवतीच्या शेतांची व खजुरीच्या बनांचीही जागा घेतली आहे. चित्रांतील गाव आणि खिडकीबाहेरचे गाव यांतील अंतर त्यामुळे वाढले. प्रारंभीच्या मुलांपाशी दुपार मोकळी होती. शाळा, परीक्षा व दूरदर्शन यांत वाढणाऱ्या मुलांपाशी ती नसते. एखादा पोक्त विणकर घडण्यास वीस-पंचवीस वर्षांचा संथ कालावधी लागतो आणि तेवढा काळ मोकळा ठेवणे, हीच या पद्धतीची खरी किंमत आहे.

तत्सम उपक्रम : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विणकाम समाजासाठी खुले करण्याचे इतरही प्रयत्न झाले. दक्षिण आफ्रिकेत पीडर व उला गोवेनियस या स्वीडिश दांपत्याने १९६२ मध्ये एक कलाकेंद्र सुरू केले व पुढील वर्षी ते रोर्क्स ड्रिफ्ट येथे हलविण्यात आले. वर्णभेदाच्या कठोर राजवटीत तेथील आफ्रिकी स्त्रियांनी स्वतःच्या कथा व अनुभव मोठ्या चित्रजवनिकांत विणले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या कर्मशाळेत चित्रकार व विणकर एकत्र बसून रेखाटनाचा अर्थ लावतात आणि लोकांना ते काम पाहता येते. कॅनबरा येथील संसदभवनातील आर्थर बॉइडच्या चित्रावर आधारलेली, सु. २० मी. × ९ मी. आकाराची चित्रजवनिका येथेच विणली गेली. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग किल्ल्यात मध्ययुगीन युनिकॉर्न-मालिकेची पुनर्निर्मिती २००१ पासून प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत करण्यात आली व २०१५ मध्ये ती संपूर्ण मालिका मांडण्यात आली. या उपक्रमांत समाजाचा सहभाग निरनिराळ्या प्रमाणात आढळतो. स्टर्लिंगमध्ये लोक पाहतात, मेलबर्नमध्ये विणकर अर्थ लावतात, तर रोर्क्स ड्रिफ्ट व हर्रानिया येथे विणणारेच कल्पना करतात.

भारताच्या संदर्भात १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत मांडल्या गेलेल्या व सेवाग्रामला रुजलेल्या नयी तालीम योजनेची येथे आठवण होते. हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा, हा विचार दोहोंत समान आहे. मात्र नयी तालीममध्ये चरखा व माग यांच्याद्वारे गणित, भूगोल, समाजशास्त्र इ. विषय शिकविणे आणि शाळेला स्वावलंबी करणे हा हेतू होता, तर हर्रानियात मागाला दुसरा कोणताही विषय शिकवावयाचा नव्हता.

महत्त्व : हर्रानियाच्या प्रयोगातून कलाशिक्षणाविषयी दोन निष्कर्ष हाती येतात. पहिला असा, की कल्पनाशक्ती ही निवडक व्यक्तींची मिरास नाही. एका सामान्य खेड्यातील, कोणतीही निवडचाचणी न घेता गोळा झालेल्या मुलांच्या दोन पिढ्यांनी हे सिद्ध केले. दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा, परंतु बहुधा दुर्लक्षिला जाणारा आहे. ही शक्ती आपोआप फळास येत नाही. तिला वेळ, मोबदला, उत्तम साहित्य आणि टीकेपासून संरक्षण द्यावे लागते आणि ते वर्षानुवर्षे अखंडपणे द्यावे लागते. राजांच्या कर्मशाळांनी विणकराला साहित्य व मोबदला दिला, परंतु निर्णयाचा अधिकार दिला नाही. पर्यटकांसाठी चालणाऱ्या कर्मशाळा त्याला वेळ देत नाहीत. हर्रानियात या सर्व गोष्टी एका ठिकाणी, मर्यादित प्रमाणावर का होईना, एकत्र आल्या. येवल्याच्या पैठणीपासून काश्मीरच्या कानीपर्यंत ज्या देशात विणकराचे हात अजून निपुण आहेत, तेथे त्या हातांना विणण्याबरोबरच कल्पिण्याचाही अवकाश मिळतो काय, हा प्रश्न या केंद्राच्या इतिहासातून पुढे येतो.